आपल्या सभामंडपाचे लाकूडकाम : सूत, गुण्या आणि संगणक

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी. कसाऱ्याचा थळघाट शहापूरकडे, तर माळशेज आणि नाणेघाट मुरबाडकडे. भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला, आणि हे सारे पाणी कल्याणच्या खाडीत उतरते. सन २०१४ च्या १ ऑगस्टला जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके पालघरकडे गेले. आपले दोन तालुके मात्र ठाण्यातच राहिले, त्यामुळे निदान दप्तरे तरी हलली नाहीत.

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवस्थानाचे माहात्म्य, जत्रा, पालखी यांविषयी जाणकार मंडळींनी लिहिले आहेच. समितीने प्रस्तुत लेखकास सभामंडपाविषयी लिहिण्यास सांगितले. मंडप लाकडाचा, म्हणून हा लेख लाकडाचा इतिहास आहे. आणि लाकूड ज्या मापाने कापले गेले त्या मापाचाही आहे. यंदा हे माप संगणकावर काढले गेले. गावात त्याचे कौतुक झाले तशी टीकाही झाली, म्हणून जरा मुळापासून सांगणे बरे.

आपल्या मुलखात घर म्हणजे आधी लाकूड, मग भिंत. खांब उभे करायचे, त्यांवर तुळया, वर आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांना वासे. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर. भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. ती पडली तरी घर पडत नसे. साग, ऐन, खैर, हेद, शिसव ही लाकडे हाकेच्या अंतरावर होती. घर किती मोठे हे चौरस फुटांत कोणी विचारीत नसे. किती खणांचे, असे विचारीत. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. आपला सभामंडप पाच खणांचा आहे, म्हणजे दोन रांगांत सहा-सहा मिळून बारा खांब.

हे काम करणारा तो सुतार. सुतार हा शब्द 'सूत्रधार' या शब्दावरून आला. सूत्र म्हणजे दोरी, आणि दोरी धरणारा तो सूत्रधार. आपण नाटकातला सूत्रधार तेवढा ओळखतो, पण मूळचा दोरीवाला बांधकामावरचा आहे. अकराव्या शतकात धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथाचे नावच 'समरांगणसूत्रधार' आहे. त्याच्याही कितीतरी आधी यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रे रचली गेली. शुल्ब म्हणजेही दोरीच. दोरीला तीन, चार आणि पाच हात अशा खुणा करून त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. आजही आपल्याकडचा गवंडी जोते आखताना फुटांची टेप घेऊन हेच करतो. गेल्या वर्षी आपल्या मंदिराच्या जोत्याचा कोपरा असाच तपासला गेला.

लाकूड कुजते, जळते, वाळवी खाते. म्हणून जुने लाकूडकाम आपल्याला दिसत नाही. पण ते कसे होते हे दगडात पाहायला मिळते. भाजे येथील चैत्यगृहातील खांब आतल्या बाजूला किंचित कललेले कोरले आहेत. दगडाच्या खांबाला कलण्याचे काही कारण नाही. लाकडी मंडपात वरच्या कमानींचा रेटा बाहेर येतो म्हणून खांब कलते ठेवत, आणि पाथरवटाने ती रीत तशीच उचलली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताखाली तर खरीखुरी लाकडी कमानपट्ट्यांची रांग अजून आहे, सुमारे दोन हजार वर्षांची. त्याच लेण्याच्या दर्शनी भागातील एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे, नाव आहे. दरवाजाचे काम त्याचे. राजे, सेठ आणि यवन दात्यांच्या नावांत एका सुताराचे नाव असावे ही गोष्ट मला त्या लेण्यातील हत्तींपेक्षा मोठी वाटते. कर्जतजवळच्या कोंडाण्यालाही दगडात हुबेहूब लाकूडकाम आहे. ज्यांना कार्ल्यापर्यंत जाणे होत नाही त्यांनी तेथे जाऊन यावे.

पुढे शिवकाळ. सन १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि लगेच खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ झाला. खाडीला पाणी, आणि मागे आपल्या दोन तालुक्यांची राने. कारागीर आपल्याकडचे होते, काही काळ पोर्तुगीज कसबीही होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते आजच्या वनखात्यानेही वाचावे असे आहे. सागवान आदी झाडे हुजूर परवान्याने तोडावी, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा भाव आहे.

आता नकाशाची गोष्ट. जुना सुतार कागदावर नकाशा काढीत नसे. जोते तयार झाले की त्याच जोत्यावर, सारवून घेतलेल्या जमिनीवर, काव लावलेले सूत मारून तो मंडपाची आडवी चीर पुऱ्या मापाने आखी. म्हणजे सोळा फुटांचा मंडप असेल तर जमिनीवर सोळा फुटांचीच रेघ. त्या रेघांवर प्रत्यक्ष लाकूड आडवे ठेवून जेथे दोन लाकडे एकमेकांना छेदतात तेथे खूण करायची, एकाच्या टोकाला जीभ काढायची आणि दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची. प्रत्येक सांधा त्या-त्या जोडीपुरता. मग पटाशीने खूण करायची, म्हणजे उभे करताना गडबड होत नाही. आपला मंडप उतरवला तेव्हा तुळयांच्या पोटाला अशा खुणा निघाल्या: एक रेघ, दोन रेघा, फुली, फुलीवर रेघ. त्या पाहायला तरुण मंडळींनी चांगलीच गर्दी केली होती. फ्रान्सात सुतार आजही याच रीतीने काम शिकतात, आणि सन २००९ मध्ये युनेस्कोने ती विद्या जगाचा वारसा म्हणून नोंदवली. आपल्या सुताराची तीच विद्या कोणी नोंदवली नाही.

कागदाचा नकाशा आपल्याकडे आला तो मुख्यतः इंग्रजांबरोबर. लाकडाच्या मोठ्या कामात नकाशाचे महत्त्व काय, याची एक मुंबईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सन १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. 'ट्रिंकोमाली' या लढाऊ जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून पाठवले होते. सन १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या आरमाराने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा' पकडले व जाळले. नकाशे गेले, ते पुन्हा पाठवावे लागले, आणि जहाज पाण्यात उतरले ते १८१७ च्या ऑक्टोबरात. सागवान तयार, कारागीर तयार, पण काम अडले कागदासाठी. ते जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. सागवानाची याहून मोठी शिफारस कोणती?

पुढे रेल्वे आली, सार्वजनिक बांधकाम खाते आले. शाळा, चावड्या, धर्मशाळा, डाकबंगले यांचे ठराविक नकाशे निघाले आणि त्यांबरोबर 'कैची' आली. पूर्वी आढ्याखाली मधोमध खांब लागे. कैचीने तो काढून टाकला. तिरप्या वाशांचा रेटा खालच्या आडव्या लाकडाने बांधून घेतला आणि मधली जागा मोकळी झाली. भजनाला बसणाऱ्यांची सोय झाली ती यामुळे. सन १८६५ पासून मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात चपटी कौले निघू लागली व हळूहळू आपल्याकडे आली. नळीच्या कौलाला वासे थोडे वाकडे असले तरी चालत. मंगळूरी कौल मात्र साच्यातून निघालेले. रिपांचे अंतर सगळीकडे सारखे नसेल तर कौल बसतच नाही. आपल्या सुताराला फूटपट्टी धरायला लावली ती या कौलाने, असे मी म्हणतो.

आपला मंडप या दोन्ही रीतींच्या मधला. कैच्या आहेत, पण सांधे जुन्या हाताचे आहेत. दर्शनी टोकाला छप्पर तिन्ही अंगांनी उतरते.

जीर्णोद्धाराचा विचार निघाला तेव्हा गावात दोन मते पडली. स्लॅब टाकावा, खर्च ठरलेला, वाळवीची कटकट नाही, वर उद्या एक खोलीही काढता येईल, असे काही देणगीदारांचे व बहुतेक तरुणांचे म्हणणे. वयोवृद्ध मंडळी लाकडासाठी अडून बसली. स्लॅबवाल्यांचे म्हणणे खोटे नव्हते हे येथे नमूद करणे भाग आहे. बारापैकी पाच खांब तळखड्यापासून हात-हातभर कुजले होते, कोनवाशांत वाळवी होती. आणि खरी अडचण पुढेच होती: लाकूड मिळेल, पण करणार कोण? आपल्या भागातले सुतारकाम करणारे तरुण आज कल्याण-डोंबिवलीला प्लायवूडची कपाटे आणि किचनचे ओटे करतात. हात चांगला, पण दहा फुटी खांबाला जीभ काढणे त्यांना कोणी शिकवले नाही. जोत्यावर सूत मारून अख्खा मंडप आखणारा माणूस आता दोन्ही तालुक्यांत शोधावा लागतो. आम्हाला असे एकच वृद्ध मिस्त्री मिळाले; डोळ्यांनी अधू, पण स्मरणाने पक्के.

मार्ग निघाला तो गावातल्याच एका मुलाकडून. तो आय.टी.आय.चा ड्राफ्ट्समन, कल्याणला नोकरीला, रविवारी गावी येणारा. त्याने मंडप उतरवण्याआधी मापे घ्यायची आणि संगणकावर त्याचा सांगाडा उभा करायचा असे सुचवले.

संगणकावर रेघ ओढण्याची कल्पना अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी सन १९६३ मध्ये प्रत्यक्षात आणली. सन १९८२ मध्ये ऑटोकॅड निघाले आणि नकाशा काढणाऱ्यांची टी-पट्टी, शाईचे पेन हळूहळू कपाटात गेले. सन २००० मध्ये स्केचअप आले; त्यात लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही एकदम दिसतात, वस्तू हातात घेऊन फिरवावी तशी फिरवता येते. जर्मनीत तर १९८० च्या दशकापासून असा नकाशा थेट यंत्राला देतात आणि यंत्र सांधा कापून देते. आपल्याकडे यंत्र नाही, पटाशी आहे. पण पटाशीवाल्याला कागद देता येतो.

काम असे चालले. प्रत्येक खांब, तुळई, वासा याला पत्र्याचा नंबर ठोकला. संगणकात प्रत्येक लाकूड वेगळे, त्याच नंबराचे. मग दोन लाकडे जेथे मिळतात तेथील जीभ आणि खाच दोन्हींत काढली. शेवटी एकेका लाकडाचा एकेक कागद: खांबाच्या चारही बाजू उलगडून शेजारी-शेजारी मांडलेल्या, आणि सर्व मापे एकाच टोकापासून. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. आपले सुतार इंचाचा आठवा भाग म्हणजे 'सूत' धरतात. एका मापापासून पुढचे, त्यापासून त्याच्या पुढचे, असे आठ वेळा मोजताना दर वेळी एकेक सूत चुकले तर शेवटी पुरा इंच चुकतो. एका टोकापासून मोजले तर चूक त्या-त्या ठिकाणीच राहते.

हिशेबाचे एक उदाहरण देतो, कारण पुष्कळांनी विचारले. मंडपाची रुंदी १६ फूट, म्हणजे अर्धी ८. आढे खांबांच्या माथ्यापासून ६ फूट उंच. मग वासा किती? आठाचा वर्ग ६४, सहाचा ३६, मिळून १००. वासा १० फूट. म्हणजे तोच तीन-चार-पाचाचा त्रिकोण, दुप्पट केलेला. जुन्या सुताराने ही उंची उगाच धरली नव्हती. पण कोपऱ्यातला कोनवासा दोन्हीकडून तिरपा. तेथे ६४ अधिक ६४ अधिक ३६, मिळून १६४. त्याचे मूळ १२.८१ फूट, म्हणजे १२ फूट पावणेदहा इंचांच्या आसपास. लांबी कोणीही काढील, पण त्याच्या टोकाचा काप कोणत्या कोनात घ्यायचा हे कपाटे करणाऱ्याला सांगणे कठीण. संगणकाने तो काप कागदावर पुऱ्या मापात छापून दिला. कागद लाकडावर चिकटवायचा आणि करवत धरायची.

संगणक चुकला नाही असे मात्र नाही. पहिल्या मसुद्यात बाराही खांब एका उंचीचे आले. मापे घेताना त्यांच्यात एक-दोन इंचांचा फरक दिसला होता. तो जुन्या कारागिराचा निष्काळजीपणा समजून मुलाने सगळे खांब सारखे केले. वृद्ध मिस्त्रींना कागद वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "अरे, जोत्याला पाण्याचा उतार आहे ना!" ओळंबा आणि पाण्याची नळी लावून पाहिले तर खरेच, पावसाचे पाणी गाभाऱ्याकडे न जाता बाहेर जावे म्हणून जोते दर्शनी बाजूला उतरते ठेवले होते, आणि खांब त्याच हिशेबाने पुढे-पुढे लांब होत गेलेले. सारखे खांब कापले असते तर आढे पुढे झुकले असते. नकाशा दुरुस्त झाला. त्या दिवसापासून मिस्त्रींची पसंती मिळाल्याशिवाय एकही कागद कापायला दिला नाही.

दुसरी अडचण लाकडाच्या वाकडेपणाची. संगणकातला खांब आरशासारखा सरळ; आपला साग थोडा पिळलेला, एका अंगाला फुगलेला. यावर तोडगा अमेरिकेतील सुतारांनी एकोणिसाव्या शतकातच काढून ठेवला आहे. वाकड्या लाकडाच्या पोटात एक थोडे लहान, पण अगदी सरळ लाकूड दडलेले आहे असे धरायचे. सांध्याच्या जागी तेवढेच आतपर्यंत तासायचे. बाकी लाकूड जसे आहे तसे राहू द्यायचे. म्हणून आमच्या कागदावर प्रत्येक खांबाच्या मधोमध एक रेघ आहे, आणि माप कडेपासून नव्हे, त्या रेघेपासून. लाकडावर ती रेघ मारायची कशाने? काव लावलेल्या सुतानेच.

सरकारी कामालाही नकाशाचा उपयोग झाला, हे प्रस्तुत लेखक कचेरीतला असल्याने विशेष सांगतो. लाकूड तोडायला परवानगी, हातोड्याचा ठसा, वाहतुकीचा परवाना, आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: किती घनमीटर? दहा फुटी, आठ बाय आठ इंची खांब म्हणजे ४.४४ घनफूट, पाच नवे खांब म्हणजे २२.२ घनफूट. पण आठ इंची चौकोन गोल ओंडक्यातून काढायचा तर ओंडक्याचा व्यास साडेअकरा इंच हवा, म्हणजे घेर सुमारे ३६ इंच. वनखात्याच्या रीतीने घेराच्या चौथाईचा वर्ग धरला तर एका ओंडक्याचे ५.६३ घनफूट भरतात, पाचांचे सुमारे २८, म्हणजे ०.८ घनमीटर. असा प्रत्येक लाकडाचा तक्ता अर्जाला जोडला. अंदाजे आकडा लिहिला की एक तर लाकूड कमी पडते, नाही तर जास्त तोडले जाते; आणि जास्त तोडलेले झाड परत उभे करता येत नाही. जेथे जुने चांगले सागवान मिळाले तेथे नवे घेतलेच नाही.

बारापैकी सात खांब जुनेच आहेत. पाच नवे. नव्यांना नक्षी केली नाही, फक्त धार मारली. जुने कोणते आणि नवे कोणते हे पुढच्यांना कळावे असा समितीचा निर्णय, आणि तो योग्य आहे असे माझे मत आहे. काहींना ते विजोड दिसते. दिसू द्या.

एवढा खटाटोप कागदासाठी कशाला, असे विचारणाऱ्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्याकडे पाहावे. सन १७३२ मध्ये वास्तुशांत झालेली ती वास्तू सन १८२८ च्या फेब्रुवारीत आगीत सापडली आणि कित्येक दिवस जळत राहिली. आत सारा लाकडाचा सांगाडा. आज तट, दरवाजे आणि जोती आहेत. जोत्यावरचे कल्पनेने उभे करावे लागते. उलट पॅरिसच्या नोत्र दाम या मंदिराचे छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेही शेकडो वर्षांच्या ओक लाकडाचे. पण त्याआधी सन २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या दोन वास्तुविशारदांनी तो लाकडी सांगाडा मोजून, त्याचे नकाशे काढून ठेवले होते. सन २०१० मध्ये अँड्र्यू टॅलन यांनी लेसरनेही मंदिर मोजले होते. त्या मापांवरून सुतारांनी कुऱ्हाडीने ओक तासून तसेच छप्पर उभे केले, आणि सन २०२४ च्या डिसेंबरात मंदिर पुन्हा उघडले. आपले मंदिर लहान, आपला मंडप पाच खणांचा. पण आग लहान-मोठे पाहत नाही, आणि वाळवी तर नाहीच नाही.

मंडपाच्या सर्व नकाशांच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक देवस्थानच्या लोखंडी पेटीत, आणि एक वृद्ध मिस्त्रींच्या घरी त्यांच्या नातवाकडे; तो यंदा या कामावर पटाशी धरायला होता. संगणकातले मूळ दोन पेन ड्राइव्हवर समितीच्या सचिवांकडे आहे, आणि दर दोन वर्षांनी ते नव्यावर उतरवून घ्यायचे असे ठरले आहे. पत्र्याचे नंबर लाकडांवरून काढलेले नाहीत. ते तुळयांच्या वरच्या अंगाला, खालून दिसणार नाहीत असे आहेत. पटाशीच्या जुन्या खुणांच्या शेजारीच. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी सोमवारी पूजा आटोपल्यावर यावे, शिडी मंडपातच ठेवलेली असते.